पाहुण्यांची नावं खाली घ्या, वेळ आणि जागा वर घ्या

प्रति,
मा. कुलसचिव आणि जनसंपर्क अधिकारी,
मराठवाड्यातील सर्व विद्यापीठे व उपपरिसर

विषय : सप्टेंबर ते नोव्हेंबरमधले कार्यक्रम आणि सूचना कर्मचाऱ्यांपर्यंत वेळेत पोहोचवण्याबाबत

महोदय / महोदया,

गणपती बसले की विद्यापीठांत परिपत्रकांचा हंगाम सुरू होतो. मुक्तिसंग्राम दिन, राष्ट्रीय सेवा योजना दिन, गांधी जयंती, अभिजात मराठी भाषा सप्ताह, वाचन प्रेरणा दिन, एकता दिन, संविधान दिन. मधेच युवक महोत्सव, हिवाळी परीक्षा आणि दिवाळी. प्रत्येक कार्यक्रमाचा कक्ष वेगळा, जावक क्रमांक वेगळा. सारखी असते ती एकच गोष्ट : परिपत्रक आदल्या दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या पुढे ग्रुपवर पडतं.

त्यातलं कोणतंही एक उघडून बघा. ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की’ने सुरुवात होते. मग अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, प्रमुख उपस्थिती आणि सन्माननीय उपस्थिती. (शेवटच्या तीन उपस्थितींत काय फरक असतो, हे आस्थापना विभागालाही सांगता येत नाही.) अकराव्या ओळीत तारीख येते. वेळेच्या जागी ‘सकाळी’. ठिकाण ‘मुख्य इमारत’, म्हणजे तळमजल्यावरचं सभागृह की वरचं, ते जाऊन शोधायचं. शेवटी ‘सर्वांनी उपस्थित राहावे’. यात रात्रपाळीचा पहारेकरी येतो का? परीक्षा विभागात प्रश्नपत्रिकांच्या कामावर बसवलेला वरिष्ठ सहायक येतो का? रोजंदारीवाल्याचा तो तास हजेरीत धरणार का? याबद्दल अक्षर नसतं.

आस्थापना, वित्त, परीक्षा, स्थावर आणि उद्यान विभागांत वर्षानुवर्षं हीच कामं करणाऱ्यांनी मिळून हे पत्र लिहिलं आहे. मागणी एकच आहे. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कर्मचाऱ्यांसाठी एक शरद पत्रक काढा, दोन पानांचं. त्यात तीन महिन्यांच्या तारखा, सुट्ट्या, कामाच्या पाळ्या आणि मुदती असाव्यात. पुढची परिपत्रकं खुशाल काढा, पण ती या पत्रकातल्या दुरुस्त्या म्हणून काढा.

ऑगस्टच का, ते यंदाच्या पंचांगात दिसेल. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या दिवशीच आला होता आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण पुढे सरकले : दसरा २० ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर. गेल्या वर्षीची फाईल उघडून नुसता सालाचा आकडा बदलला, तर हिवाळी परीक्षेचे पेपर ऐन दिवाळीत येतात. तसं वेळापत्रक निघतं, आरडाओरड होते आणि मग शुद्धिपत्रकावर शुद्धिपत्रक निघतं. त्या प्रत्येक शुद्धिपत्रकामागे बैठकव्यवस्था, पर्यवेक्षकांचे आदेश, भरारी पथकांच्या गाड्या आणि केंद्रांना करायचे फोन पुन्हा पहिल्यापासून करावे लागतात.

सुट्टीच्या तारखेचा थेट संबंध आरक्षणाशी आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी १२० दिवस मिळायचे. दिवाळीसाठी शुक्रवारी, ६ नोव्हेंबरला निघायचं असेल तर खिडकी ७ सप्टेंबरला सकाळी आठ वाजता उघडेल. देवगिरी, नंदीग्राम किंवा तपोवनचं दिवाळीतलं पक्कं तिकीट हवं असेल, तर त्या सकाळी कर्मचाऱ्याला स्वतःची सुट्टी कधी लागते ते माहीत असलं पाहिजे. परिपत्रक ऑक्टोबरच्या शेवटी निघालं की हातात प्रतीक्षायादी उरते, नाहीतर खासगी बसचं तिप्पट भाडं. इथे आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहा. दिवाळीची दीर्घ सुट्टी शिक्षकांना असते, कार्यालयीन कर्मचाऱ्यांना सणाचे मोजके दिवसच मिळतात. ‘विद्यापीठास दिवाळी सुट्टी’ असं मोघम छापलं की नवा लिपिक शिक्षकांच्या तारखा धरून गावाकडचं तिकीट काढतो आणि मग अर्जित रजेचा अर्ज घेऊन कक्षाधिकाऱ्यांपुढे उभा राहतो.

मराठवाड्यातल्या कर्मचाऱ्याची ऑक्टोबरमधली रजा बहुतेक वेळा सोयाबीनसाठी असते. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरलेलं पीक सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत काढणीला येतं, आणि परतीच्या पावसाच्या आत ते पदरात पाडून घ्यावं लागतं. शेंगा वाळल्यावर चार दिवस उशीर झाला तर दाणे शेतातच तडकतात. त्याच पंधरवड्यात परीक्षेच्या ड्युट्या लागतात. ड्युटीचा तक्ता आधी मिळाला तर माणसं आपापसात पाळी बदलून घेतात, कार्यालयाला त्रास होत नाही. तक्ता आदल्या दिवशी आला की ‘प्रकृती अस्वास्थ्य’ लिहिलेले अर्ज येतात. ते अर्ज कशाचे आहेत ते सगळ्यांना कळतं, पण मंजूर न करून सांगता कोणाला?

नवरात्र ११ ऑक्टोबरला बसतंय. १४ ऑक्टोबर ही १९५६ च्या धम्मदीक्षेची तारीख, आणि दसऱ्याला अशोक विजयादशमी. दीक्षाभूमीवर नागपूरला जाणाऱ्या कर्मचाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. या दोन्ही तारखांच्या आगेमागे प्रशिक्षण, तपासणी समिती किंवा सक्तीचा कार्यक्रम ठेवू नका. दसऱ्याला नांदेडमध्ये शिखांच्या हल्लाबोल मिरवणुकीच्या वाटेवरचे रस्ते बंद असतात. कोजागिरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांमुळे सोलापूरकडून धाराशिवला येणारी वाहतूक वळवलेली असते. धाराशिव उपपरिसरात त्या दिवशी बैठक लावली, तर समितीचे सदस्य दुपारच्या चहाला पोहोचतील.

आता १७ सप्टेंबर, म्हणजे मुक्तिसंग्राम दिन. १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झालेली पोलीस कारवाई पाचव्या दिवशी संपली आणि निजामाचं संस्थान शरण आलं. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापनाही याच तारखेची, १९९४ सालची. आपल्याकडे हा दिवस पंधरा ऑगस्टच्या तोलाचा आहे. यंदा तो ऐन गणपतीत येतो आणि महालक्ष्म्याही त्याच दोन-तीन दिवसांत आहेत. महिला कर्मचाऱ्यांना पहाटे स्वयंपाकघर सोडून सव्वासातला मैदानावर बोलवायचं आणि पाहुण्यांची गाडी नऊला यायची, हे यंदा तरी टाळा. पत्रकात ध्वजारोहणाची वेळ मिनिटासकट छापा, आणि पाहुणे आले नसले तरी झेंडा त्या मिनिटाला वर जाईल हे आधीच ठरवून टाका.

झेंड्याच्या बाबतीत दरवर्षी तेच घोळ होतात, म्हणून थोडं सविस्तर. सप्टेंबरपर्यंत खांबाने तीन महिने पाऊस खाल्लेला असतो. वरची कप्पी गंजते. सुती दोरी ओली झाली की फुगते आणि कप्पीच्या खाचेत रुतते. पाच दिवस आधी शिडी लावून कप्पीला तेल द्या, दोरी बदला, आणि एक साधं फडकं बांधून ते खाली-वर करून बघा. रंगीत तालीम राष्ट्रध्वजाने करू नका. घडीत अख्खी झेंडूची फुलं घालायची हौस आवरा. ओली फुलं गोळा होऊन बसतात, झटका दिला तरी घडी उलगडत नाही. कोरड्या पाकळ्या, त्याही मूठभरच. गाठ एकच आणि सरकती. ‘सुटू नये म्हणून’ कुणीतरी हळूच दुसरी गाठ मारतो, आणि ऐन वेळी कुलगुरू दोरी ओढत राहतात ते त्यामुळेच. दोरीच्या वरच्या टोकाला लाल धागा बांधून ठेवा, म्हणजे केशरी पट्टा वर की खाली हा प्रश्न घाईतही पडत नाही. झेंडा चढवायचा झपझप, उतरवायचा सावकाश. ध्वजसंहितेत तसंच आहे. संध्याकाळी तो उतरवणार कोण, त्याचं नाव आदेशात असू द्या. भिजला असेल तर सावलीत वाळवून मगच घडी करा. पेटीत ओला ठेवलेला झेंडा सव्वीस जानेवारीला काळ्या ठिपक्यांसकट बाहेर निघतो.

परभणीच्या कृषी विद्यापीठात याच सुमारास रब्बी पीक मेळावा असतो. शेती असलेला आपला कर्मचारीवर्ग तिथे ज्वारी-हरभऱ्याच्या बियाण्यासाठी जातोच. शेजारच्या विद्यापीठांनी पत्रकात त्याची एक ओळ दिली तर बिघडत नाही.

युवक महोत्सवाबद्दल तक्रार जास्त आहे, कारण काम जास्त आहे. आधी केंद्रीय युवक महोत्सव, मग इंद्रधनुष्य या आंतरविद्यापीठ सांस्कृतिक महोत्सवासाठी संघ, पाठोपाठ आविष्कार ही संशोधन स्पर्धा आणि अश्वमेध या क्रीडा महोत्सवाची तयारी. आदेशात ‘भोजन समिती : सदस्य’ म्हणून अठ्ठावीस नावं येतात. पाळी कुणाचीच नसते. परिणाम ठरलेला : पहिल्या दिवशी सकाळी अठ्ठावीस जण हजर, तिसऱ्या दिवशी रात्री तिघे, आणि ते तिघे नेहमी तेच. नावापुढे वेळ छापा : सहा ते दोन, दोन ते दहा. सुट्टीच्या दिवशी काम केलं तर बदली सुट्टी कधीपर्यंत घ्यायची तेही तिथेच छापा. नैमित्तिक रजा वर्षाला आठ, आणि त्या ३१ डिसेंबरला बुडतात. त्यात बदली सुट्ट्यांची भर पडली की डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात अर्धा विभाग रिकामा होतो.

मंचाच्या विजेचा हिशेब कागदावर करून घ्या. मंडपवाला ‘२५ केव्हीएचा जनरेटर पुरतो’ म्हणतो. ०.८ पॉवर फॅक्टरने तो २० किलोवॅट देतो. एक हजार वॅटचे वीस जुने ‘पार’ दिवे (मंचावर झोत टाकणारे) लावले की तो तिथेच भरला. त्यावर ध्वनियंत्रणा जोडली की लोकनृत्याच्या मध्यावर अंधार, आणि शिव्या खातो विद्युत विभागाचा वायरमन. एकतर एलईडी दिवे मागा, नाहीतर ध्वनीसाठी वेगळा जनरेटर घ्या. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातले काही ठरावीक दिवस बारापर्यंत सूट मिळते, पण ते दिवस जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलेले असतात. तेव्हा शेवटचा कलाप्रकार साडेनऊला संपेल असं वेळापत्रक आखा.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. ऑक्टोबरच्या उन्हात तीन तासांच्या कार्यक्रमाला माणशी अर्धा लिटर धरा. २० लिटरचा एक जार ४० जणांना पुरतो, पाचशे माणसांना तेरा जार. हा आकडा भोजन समितीला माहीत असतो, पण मागणीपत्रात ‘आवश्यकतेनुसार’ लिहिलेलं असतं आणि पुरवठादार सहा जार आणून ठेवतो.

नवरात्रातल्या उपवासाच्या जेवणाबद्दल मात्र कळकळीने सांगायचं आहे. मराठवाड्यात नवरात्रात आणि महाशिवरात्रीला भगर खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या दरवर्षी कुठून ना कुठून येतात. चक्कर, मळमळ, उलट्या, हातापायांना कंप, आणि एकेका गावातले कितीतरी लोक एकदम दवाखान्यात. कारण बुरशीत आहे. पावसाळ्यात भगर ओल धरते. दाण्यापेक्षा पीठ जास्त ओल धरतं, आणि दुकानात महिनोन्‌महिने पडलेल्या सुट्या पिठात बुरशीची विषं तयार होतात. ती शिजवल्याने जात नाहीत. तेव्हा कॅन्टीनच्या ठेकेदाराला पत्रकातूनच बजावा : भगरीचं तयार पीठ आणायचं नाही, सुटी भगर आणायची नाही, पाकीटबंद, तारीख बघून घेतलेली भगर निवडून, धुऊन त्याच दिवशी शिजवायची. सकाळची भगर संध्याकाळी वाढायची नाही. पाकीट आणि बिल दुसऱ्या दिवसापर्यंत जपून ठेवायचं, म्हणजे काही झालं तर अन्न व औषध प्रशासनाला नमुना देता येतो. खरं तर पन्नास-शंभर जणांसाठी साबुदाणा खिचडी, शेंगदाण्याची आमटी, राजगिरा आणि केळी एवढ्यावर निभतं. भगरीचा हट्ट सोडला तरी देवी रागावणार नाही.

आरोग्य शिबिराचं परिपत्रक दरवर्षी निघतं, रक्तदाब आणि साखर तपासली जाते, फोटो निघतात. त्याच आवारात डेंग्यूचे डास पोसले जात असतात, ते कुठे ते सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात भरलेले कूलर ऑक्टोबरपर्यंत खिडकीला तसेच लटकलेले असतात. तळात चार बोटं पाणी, वर कुजलेलं गवत. विभागप्रमुखांच्या दालनात सापडेल, वसतिगृहात सापडेल, कर्मचारी निवासात तर घरोघरी. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरांत घरोघरी ड्रम आणि हौदही भरलेले असतातच. एडिस डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करायची. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने जगतात. पुन्हा पाणी भरलं की फुटतात. कूलरची टाकी काथ्याने घासा, गवत काढून जाळा, टाकी पालथी घाला. पत्रकात ‘परिसर स्वच्छ ठेवावा’ ऐवजी ‘शुक्रवारी दुपारी चार वाजता प्रत्येक कक्षाने आपला कूलर घासून पालथा करावा’ असं लिहिलं, तर ते काम होतं.

सापांचंही तसंच. परतीचा पाऊस थांबला की गाजरगवत आणि कुसळी कमरेइतकी वाढलेली असते आणि ऑक्टोबरमध्ये कापणी सुरू होते. आपल्या परिसरांत नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप आढळतात. गवत कापणाऱ्या रोजंदारी बायकांना गमबूट आणि लांब दांड्याचं अवजार देणं ही विद्यापीठाची जबाबदारी आहे. ठेकेदाराकडे बोट दाखवू नका. रात्रीच्या पहारेकऱ्याला विजेरी आणि बाज द्या. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. जमिनीवर निजलेल्या माणसाला उठल्यावर पापण्या जड झाल्या की मग कळतं. दंश झाल्यावर आवळून दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी-कडं काढा, पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, वेळ लिहून ठेवा, १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. प्रतिविष तिथे असतं. मुख्य फाटकावरच्या चौकीत हे एवढं मोठ्या अक्षरांत लावलेलं असावं.

आता नोव्हेंबर. निवृत्त कर्मचाऱ्यांचा हयातीचा दाखला हा दरवर्षीचा गोंधळ आहे, आणि त्याबद्दल विद्यापीठाच्या पत्रकात एक ओळही नसते, कारण निवृत्त माणूस कुठल्याच ग्रुपवर नसतो. दाखला १ ते ३० नोव्हेंबरमध्ये द्यायचा. चुकला तर डिसेंबरपासून निवृत्तिवेतन अडकतं. तो बँकेत यादीवर सही करून द्यायचा की विद्यापीठाच्या वित्त विभागात, हे निवृत्तिवेतन कुठून निघतं त्यावर ठरतं. ते आधी स्पष्ट छापा. ‘जीवन प्रमाण’ची, म्हणजे डिजिटल दाखल्याची सोय २०१४ पासून आहे. बोटांचे ठसे झिजलेल्यांना आता मोबाईलवर चेहरा दाखवून काम होतं. त्यासाठी ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ अशी दोन ॲप लागतात. आधी मोबाईल चालवणाऱ्याची स्वतःची आधार नोंदणी होते, मग निवृत्त व्यक्तीची. अडतं ते दोन ठिकाणी. आजोबा खिडकीकडे पाठ करून बसतात आणि चेहरा काळा येतो. उजेड समोरून हवा, चष्मा काढलेला हवा. दुसरी अडचण जास्त महागात पडते : निवृत्तिवेतन देणारं कार्यालय निवडताना चुकीचं नाव दाबलं जातं. दाखला तयार होतो, क्रमांकही येतो, पण तो भलत्याच कार्यालयात जाऊन पडतो. लोक निर्धास्त राहतात आणि जानेवारीत चौकशीला येतात. दिवाळीची सुट्टी सोडून नोव्हेंबरच्या दोन मंगळवारी वित्त विभागाबाहेर एक टेबल, एक मोबाईल आणि हे काम येणारा एक माणूस बसवा. निवृत्तिवेतन आदेशाचा क्रमांक, आधार, बँक पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाईल घेऊन या, असं पत्रकात छापा. ज्यांना येणं जमत नाही त्यांच्याकडे जायला एक मोटारसायकल पुरे.

नोकरीत असलेल्यांसाठी प्राप्तिकराचं दोन ओळींत : जुनी की नवी करप्रणाली हे वेतन विभागाला लेखी कळवलं नाही तर नवी आपोआप लागू होते, आणि नवीत घरभाड्याच्या पावत्यांचा उपयोग नाही. जुनी निवडलेल्यांनी वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन आताच मागून ठेवावा. तो फेब्रुवारीत मिळत नाही. हे ऑक्टोबरमध्ये सांगितलं तर कपात पाच पगारांवर वाटली जाते, नाहीतर फेब्रुवारीचा पगार जवळजवळ सगळा त्यातच जातो.

पत्रक काढाल तेव्हा कसं काढाल, हेही सांगतो. जुन्या फॉण्टमध्ये टंकलेलं, छापून सही घेतलेलं, मग मोबाईलने तिरका फोटो काढून पीडीएफ केलेलं परिपत्रक शोधता येत नाही. ‘दाखला’ किंवा ‘ड्युटी’ शब्द टाकून काही हाती लागत नाही, त्यातला दुवा दाबता येत नाही. युनिकोडमध्ये टंका आणि मजकूर थेट ग्रुपवर टाका. सहीची प्रत सोबत जोडा. फाईलचं नाव ‘स्कॅन०००४७’ ठेवू नका, ‘शरद-पत्रक-२०२६’ ठेवा. दुरुस्ती केली तर नावापुढे तारीख घाला, नाहीतर तीन आवृत्त्या फिरत राहतात आणि प्रत्येक कक्ष आपलीच खरी मानतो.

कंत्राटी आणि रोजंदारी माणसं कुठल्याही अधिकृत ग्रुपवर नाहीत. त्यांच्यासाठी कागदच लागतो : मुख्य फाटक, सायकल स्टँड, कॅन्टीन, ग्रंथालयाचा जिना आणि उद्यान विभागाची अवजारांची खोली, या पाच जागी मोठ्या अक्षरांत. फलकावर काच असेल तर आत ओल धरते आणि शाई उतरते. पानावर पारदर्शक पट्टी लावा. उपपरिसरांना त्याच दिवशी पाठवा. लातूरच्या माणसाला नांदेडची बातमी वर्तमानपत्रात वाचावी लागू नये.

पावसाचंही कलम घाला. २०२५ च्या सप्टेंबरअखेर मराठवाड्यात झाली तशी अतिवृष्टी पुन्हा झाली, तर कार्यक्रम पुढे ढकलल्याचा निर्णय किती वाजेपर्यंत आणि कुठून कळेल? ‘सकाळी सहापर्यंत, या क्रमांकावरून’ एवढं लिहिलं तरी पूल बुडालेल्या गावातला कर्मचारी हजेरीच्या धसक्याने गाडी पाण्यात घालणार नाही.

पाहुण्यांच्या नावांना आमची हरकत नाही. ती दुसऱ्या पानाच्या शेवटी, हव्या तितक्या विशेषणांसह छापा. सेवानिवृत्त होणाऱ्यांची नावं मात्र पहिल्या पानावर हवीत, तारखेसकट. ३० सप्टेंबर, ३१ ऑक्टोबर आणि ३० नोव्हेंबरला कोण निवृत्त होतंय हे आधी कळलं, तर शिपायालाही निरोपाचा हार मिळेल आणि त्याची सेवापुस्तिका पूर्ण आहे का, ते बघायला आस्थापनेला महिनाभर मिळेल.

आपले,
आस्थापना, वित्त, परीक्षा, स्थावर व उद्यान विभागांतील कर्मचारी

प्रत माहितीस्तव :
१) सर्व कक्षाधिकारी
२) कॅन्टीन ठेकेदार (भगरीचा परिच्छेद वाचून सही करावी)
३) सूचना फलक, मुख्य फाटक